मंगळवार, ३१ जून

"मूठ वळ. अशी लोण्यासारखी नको, घट्ट वळ. आता पहिल्या उंचवट्यावर बोट ठेव. जानेवारी, एकतीस. खाली खड्डा, फेब्रुवारी, त्याचं आपण नंतर बघू. परत उंचवटा, मार्च. खड्डा, एप्रिल. उंचवटा, मे. आता बोट कुठं आलं?"

"खड्ड्यात."

"महिना कुठला?"

"जून."

"खड्ड्यातला महिना किती दिवसांचा?"

"तीस."

"आयुष्यात विसरायचं नाही."

हा आवाज आसारामभाऊंचा. कर्जतच्या कॉलेजचे ते पहिले हेडक्लार्क. त्यांच्या कागदावर खाडाखोड शोधणं म्हणजे भर दुपारी आभाळात चांदणी शोधणं, असं तेव्हाचे लोक म्हणत. त्यांच्या घरी भाकरीसुद्धा ताटात समास सोडून वाढली जात असे. पोराचं बोट मुठीवरून फिरवताना त्यांचा आवाज जात्याच्या घरघरीसारखा एका लयीत चाले. ती लय कानिफनाथच्या हाडात अशी जिरली की तो शिकला, पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक झाला, त्याच कॉलेजात लागला, डोक्यावर कापूस पिकला, तरी गॅसचा नंबर लावताना पाठीमागे हात नेऊन चोरून मूठ वळायचा.

अशा बापाच्या अशा मुलापुढे एकतीस जून येऊन उभा राहावा, यात नियतीचा काय हेतू होता ते तिचं तिलाच ठाऊक. सुरुवात मात्र अगदी किरकोळ कामाने झाली.

प्राचार्य डॉ. मोनिका मॅडम या एकेकाळच्या कानिफनाथ सरांच्याच विद्यार्थिनी. त्यामुळे सरांना काम सांगण्याआधी त्या नमस्कार करत, आणि नमस्कार जितका लवून तितकं काम अवजड, हे सरांनी अनुभवाने ताडलं होतं. त्या दिवशी मॅडम जवळजवळ पायांपर्यंत वाकल्या. म्हणाल्या की काम काहीच नाही, कोनशिलेचा एक फोटो काढायचा आणि विद्यापीठाच्या पोर्टलवर टाकायचा.

झालं होतं असं, की विद्यापीठाने एक योजना काढली होती. ज्या विज्ञान इमारतीला पन्नास वर्षं झाली तिला सुवर्णमहोत्सवाचं प्रमाणपत्र, आणि प्रमाणपत्राच्या शेपटाला बांधून छताची दुरुस्ती. अट दोनच. कोनशिलेचा फोटो आणि तारीख पोर्टलवर जुळली पाहिजे, आणि ज्या महिन्यात कोनशिला बसली त्याच महिन्यात सोहळा झाला पाहिजे. कॉलेजला प्रमाणपत्राचं अप्रूप होतं. सरांना छताचं होतं. पावसाळ्यात त्यांच्या प्रयोगशाळेत प्रकाशाचे प्रयोग छत्रीखाली चालत. एका वर्षी तर बाहेरच्या परीक्षकांनी विद्यार्थ्याला इंद्रधनुष्य कसं पडतं असं विचारलं, आणि विद्यार्थ्याने न बोलता छताकडे बोट दाखवलं. निवृत्तीआधी हे छत कोरडं बघायचं, एवढीच सरांची इच्छा उरली होती.

कोनशिला दाराच्या उजव्या अंगाला आहे हे सगळ्यांना माहीत होतं. ती दिसत नाही हेही सगळ्यांना माहीत होतं. तिच्यापुढे पाण्याचा कूलर होता. कूलर कुणाच्या तरी स्मरणार्थ होता, आणि ते कुणीतरी संस्थेच्या अध्यक्षांच्या सासुरवाडीचे होते. तो हलवायला अध्यक्षांची परवानगी लागली. परवानगी आली तेव्हा कळलं की कूलर कागदोपत्री वनस्पतिशास्त्राच्या नावावर आहे. वनस्पतिशास्त्रवाले म्हणाले, आम्ही त्याला कधी पाणी घातलेलं नाही, तो आमचा कसा. तेही मिटलं. शेवटी चार जणांनी कूलर उचलला, आणि भिंतीतून येणारी त्याची नळी कुणी सोडवलीच नव्हती हे त्या क्षणी उघड झालं.

पाणी आधी व्हरांड्यात गेलं, मग रसायनशास्त्राच्या भांडारात. तिथे खालच्या फडताळात सोडियमचा एक विसरलेला तुकडा होता. फार काही झालं नाही. एक 'फट्' झालं, थोडा धूर झाला, आणि भूगोलाचे प्राध्यापक तुळशीच्या कुंडीत जाऊन बसले. नगरपंचायतीचा बंब मात्र घंटा वाजवत आला, आणि बंबावरच्या माणसांनी कोनशिलेच्या आधी कानिफनाथ सरांचा फोटो काढला. सर त्यात गुडघ्यापर्यंत पँट दुमडून, हातात पोछा घेऊन उभे आहेत. तो फोटो गावभर फिरला. सर घरी आले तेव्हा पत्नी विजयमाला यांनी फक्त एवढंच म्हटलं की घरी कधी अशी पँट दुमडलेली आठवत नाही.

कूलर हटला, पण दगड दिसेना. दर नव्या अध्यक्षांच्या कारकिर्दीत इमारतीला नवा रंग लागला होता, आणि रंगाऱ्यांनी भिंत आणि दगड असा भेदभाव केला नव्हता. रंग कसा काढावा यावर मग गल्लीत परिषद भरली. शेजारचे फैयाजभाई तहसीलमधून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. ते म्हणाले, सर, घासू नका, आधी अर्ज करा, घासायचं नंतर बघू. समोरच्या सुकन्यावहिनींनी भांड्याच्या राखेची शिफारस केली. रसायनशास्त्रवाल्यांनी आम्ल सुचवलं, पण त्यांच्या शब्दाला त्या आठवड्यात वजन नव्हतं. अखेर विजयमालांचा चिंचेचा कोळ आणि नारळाची शेंडी ठरली.

सर रोज तास संपले की दगडापुढे बसत. आधी पिस्ता निघाला, त्याखालून चिकू, त्याखालून फिकट आकाशी, आणि सगळ्यांत तळाला गेरू. थरामागून थर उतरत गेले तसे सर हळवे होत गेले. कारण खालून जे अक्षर वर येत होतं ते त्यांच्या ओळखीचं होतं. तो उकार, ती तिरपी वेलांटी, 'श'ची ती पोटात घेतलेली गाठ. भाऊंनी मजकूर आपल्या हाताने लिहून दिला होता आणि पाथरवटाने तो जसाच्या तसा दगडात उतरवला होता. भाऊंना जाऊन कैक वर्षं झाली होती. त्यांचं टाइप केलेलं पुष्कळ होतं, हातचं असं घरात काहीच उरलं नव्हतं. आणि इथे, आपण रोज ज्या कूलरचं पाणी प्यायलो त्याच्या पाठीमागे, ते गपगार उभं होतं.

सरांनी शेवटची ओळ घासली. बोटाने पुसली. चष्मा पुसला. परत वाचली.

'मंगळवार, दि. ३१ जून १९७५.'

सरांनी मूठ वळली. बोट खड्ड्यात आलं. त्यांनी दुसऱ्या हाताची मूठ वळली. देवाने दोन्ही हात सारखेच केलेले होते.

पदार्थविज्ञानाच्या माणसाने अशा वेळी डोकं शांत ठेवायचं असतं. सरांनी मोबाईलवर जुनं पंचांग काढलं. त्या वर्षी तीस जूनला सोमवार होता. म्हणजे मंगळवार बरोबर होता, एक जुलैचा. मग सरळ एक जुलै का नाही लिहिलं? ज्या माणसाने पोराला जून शिकवला त्याच माणसाच्या अक्षरात जूनला एक दिवस जादा कसा फुटला?

त्यांनी तूर्त प्रश्न बाजूला ठेवला आणि पोर्टल उघडलं. पोर्टलने एक गोजिरवाणं कॅलेंडर पुढे केलं. त्यात जून तीसला संपत होता. सरांनी एकतीस टाइप करून पाहिलं. पोर्टल लाल झालं. त्यांनी तीस टाकलं. पोर्टल म्हणालं, फोटो व तारीख जुळत नाही. एक जुलै टाकलं, तेच. मदतीसाठी दिलेल्या नंबरवर एक मुलगी बोलली. आवाज इतका मधाळ की राग यायला जागाच मिळेना. कोनशिलेवर असेल तीच तारीख भरा, सर. सर म्हणाले, ती तारीख कॅलेंडरमध्ये नाही. ती म्हणाली, मग कॅलेंडरमध्ये असेल ती भरा. सर म्हणाले, ती कोनशिलेवर नाही. तेव्हा तिने अत्यंत आदराने विचारलं की सर, कोनशिला एडिट होते का.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये चहापेक्षा एकतीस जून जास्त घोटला गेला. इतिहासवाल्यांचं म्हणणं, पुरावा हा पुरावा, कॅलेंडर चुकीचं असू शकतं. गणितवाले म्हणाले, तारीख काल्पनिक धरून पुढे चालता येईल. मराठीवाल्यांना त्यात कारुण्य दिसलं. आणि या सगळ्यांच्या सुरात एक बारीक सूर होता, तो सरांना बरोबर ऐकू येत होता: इतकी वर्षं या दगडाजवळून गेलात, पाणी प्यायलात, आणि तुम्हाला दिसलं नाही? कूलर होता हे सरांनी सांगून पाहिलं. भूगोलवाले म्हणाले, कूलर तर आत्ता आला हो. तुळशीच्या कुंडीचं त्यांच्या मनात अजून होतं.

फैयाजभाईंना यात काही अवघड दिसेना. ते कट्ट्यावर बसून समजावू लागले, "सर, अर्धा तालुका एक जूनला जल्मला. गुरुजींनी जे लिवलं ते. तुमी एक जून, मी एक जून, आमची घरवाली मुबारकबी एक जून. आमी दोघं एकाच दिवशी म्हातारे झालो, एकाच दिवशी रिटायर. कुनी चौकशी लावली? मंग ह्या दगडालाच काय मोठं लागलं? एकावरचं शेपूट बुजवा, शून्य करा. तीस जून. पोर्टल खूश, तुमी खूश."

हे इतकं सोपं होतं की सरांना स्वतःची लाज वाटली. पण पाथरवट लागणार होता. भाऊंच्या वेळचे चांदभाई भिंगारला अजून आहेत असं कळलं. रविवारी सर एसटीने नगरला गेले आणि तिथून रिक्षाने भिंगारला.

चांदभाईंचं दुकान बाजाराच्या टोकाला. एका अंगाला कबरींचे दगड, दुसऱ्या अंगाला पाटे-वरवंटे, मध्ये खाटेवर चांदभाई, जगण्या-मरण्याच्या बरोबर मधोमध. छिन्नी आता मुलगा अमजद चालवायचा, तीही मशीनची. सरांनी मोबाईलवर फोटो दाखवला. चांदभाईंनी मोबाईल दूर धरला, जवळ धरला, आणि ओळखीचा नातेवाईक भेटावा तसं तोंड भरून हसले.

"आसाराम साहेबांचा कागद. मी त्यांना बोल्लो व्हतो, साहेब, जून तीसचा आस्तो. ते काय बोल्ले म्हाईत? चांदभाई, छिन्नी तुमची, तारीख माझी."

"म्हणजे कागदावरच एकतीस होतं?"

"त्यांच्या हातचं. मी एक रेघ इकडची तिकडं केली न्हाई."

येताना सगळ्या वाटेवर त्यांनी मनात एक सोयीचा गुन्हेगार घडवला होता: अक्षर भाऊंचं, पण आकडा पाथरवटाने चुकवलेला. तो गुन्हेगार आता समोर चहा मागवत होता. शेपूट बुजवण्याचं विचारलं तर चांदभाईंनी मान हलवली. बुजवलेलं दुसऱ्या पावसात गळून पडेल आणि मग दगड थट्टेचा होईल, असं त्यांचं मत. दगड थट्टेचा केव्हाच झालाय, हे सरांनी त्यांना सांगितलं नाही. परतीच्या एसटीत खिडकीबाहेर ज्वारीचं रान पिवळं पडून पसरलं होतं. सरांना ते दिसत नव्हतं. भाऊंच्या हातून चूक झाली, हे वाक्य ते मनातल्या मनात म्हणून बघत होते आणि प्रत्येक वेळी ते वाक्य व्याकरणशुद्ध असूनही खोटं वाटत होतं.

इकडे एका विद्यार्थिनीने, कैनात तिचं नाव, दगडापुढे उभं राहून रील केली. रील नगर, पुणे करत दुबईपर्यंत गेली. पेपरात चौकट आली, 'कर्जतला जून एकतीस दिवसांचा.' विद्यार्थ्यांनी प्राचार्यांना निवेदन दिलं की परीक्षा शुल्काची अंतिम मुदत एकतीस जून करावी. जामखेडच्या कॉलेजने तर सुवर्णमहोत्सवाच्या आगाऊ शुभेच्छा पाठवल्या आणि खाली लिहिलं, 'आम्ही बत्तीस तारखेला येतो.'

यानंतर अध्यक्ष प्रकटले. हे अध्यक्ष म्हणजे मूळ संस्थापकांचे पुतणे. त्यांनी बैठक बोलावली आणि प्रश्न निकाली काढला. जुना दगड उतरवायचा. काळ्या ग्रॅनाइटचा नवा दगड बसवायचा. त्यावर आताच्या पदाधिकाऱ्यांची नावं सोनेरी अक्षरात, आणि खाली बारीक अक्षरात एक खुलासा. विद्यापीठानेही कळवलं की खुलाशासह नवा दगड असेल तर पोर्टल हाताने उघडून देऊ, मात्र समितीप्रमुखाच्या सहीनिशी, आणि सोहळा जूनमध्येच. समितीप्रमुख कानिफनाथ सर होते. मॅडमनी लवून नमस्कार केला आणि मजकूर पुढे ठेवला. त्यात एक ओळ अशी होती: 'तत्कालीन मुख्य लिपिक यांच्या नजरचुकीमुळे मूळ कोनशिलेवर अयोग्य तारीख कोरली गेली.'

सरांनी विचारलं, लिपिकाचा उल्लेख लागेलच का. अध्यक्ष म्हणाले की कुणाची तरी चूक दाखवावीच लागते, आणि संस्थापकांची दाखवता येत नाही. नाव तर घातलेलं नाही ना, मग झालं. बाहेर वळवाचे ढग जमत होते. प्रयोगशाळेत शिपाई बादल्या मांडत असल्याचा आवाज येत होता. सरांनी सही केली. सही करताना पेन चाललं नाही, तेव्हा त्यांना क्षणभर बरं वाटलं. मग मॅडमनी दुसरं पेन दिलं.

आता हे आईला कळू द्यायचं नव्हतं.

छबूबाई, म्हणजे सरांची आई, मागच्या खोलीत असत. कान तिखट, गुडघे मऊ. पहिल्या हेडक्लार्कच्या पत्नी म्हणून सोहळ्यात त्यांचा साडी-नारळ देऊन सत्कार होणार होता, हे सुकन्यावहिनींनी आधीच सांगून टाकलं होतं. एकतीस जूनचं मात्र विजयमालांनी उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नव्हतं. पेपरची चौकट कापून तिथे खिडकी पडली, तर छबूबाईंना सांगण्यात आलं की भाकरीखाली घ्यायला फाडला. म्हातारी खुशीत होती. लसूण सोलता सोलता तिची ओवी चालायची:

काळ्या गं पाथराला कुनी वाटंनं पाहावं
कुंकवाच्या धन्याचं माझ्या अक्षर गं राहावं

सर दुसऱ्या खोलीत ते ऐकत आणि टीव्हीचा आवाज वाढवत. विजयमाला येऊन तो कमी करत. एकदा त्या म्हणाल्या, "सांगून टाका. दगड उतरलेला त्यांना दिसणारच आहे."

"दगड स्वच्छ करायला नेलाय म्हणून सांगू."

"आणि नवा वाचला तर?"

"बारीक अक्षर आहे."

विजयमालांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की सरांना परत पोछा हातात आल्यासारखं वाटलं.

सोहळा तीस जूनला ठरला. मांडव उभा राहिला. जुन्या दगडाला उतरवण्याची बातमी द्यायची तेवढी राहिली होती. पहार घेऊन गडी दारात बसले होते, पाहुणे निघाल्याचा फोन आला की उतरवायचा. ग्रॅनाइटचा नवा दगड प्राचार्यांच्या केबिनमध्ये टेबलावर, फुलांच्या चादरीखाली झोपलेला. त्यावर सगळं कोरून झालं होतं, फक्त अनावरणाची तारीख कोरी होती. ती अध्यक्षांची सूचना. एकदा पोळलेला माणूस. म्हणाले, पाहुणे गाडीतून उतरले की मगच तारीख कोरायची. त्यासाठी भिंगारहून अमजद मशीन घेऊन येऊन बसला होता.

सरांनी आईची खुर्ची मुद्दाम मांडवाच्या दूरच्या टोकाला ठेवली होती. पण ऊन चढलं, आणि मोनिका मॅडमनी, प्रेमळपणाच्या भरात, आजींना पंख्याखाली म्हणून थेट केबिनमध्ये आणून बसवलं. छबूबाई नवं लुगडं नेसून, बशीत चहा ओतून, दगडापासून हातभर अंतरावर. सर दारात उभे राहून घामाने भिजत होते, आणि बाहेर सगळे म्हणत होते की सरांना फार जबाबदारी पडलीये.

तेवढ्यात फोन आला. मॅडम उभ्या राहून बोलल्या, मग बसून बोलल्या, मग नुसत्याच बसल्या. विद्यापीठाचे पाहुणे एका तातडीच्या बैठकीत अडकले होते. ते उद्या येणार होते.

उद्या म्हणजे एक जुलै.

केबिनमध्ये एकदम सगळे बोलू लागले. अध्यक्ष म्हणाले, तीस जून कोरा, पाहुण्यांना काय कळतंय. मॅडम म्हणाल्या, फोटोवर मोबाईल आपोआप तारीख टाकतो आणि पोर्टल ती वाचतं. अध्यक्ष म्हणाले, मग एक जुलै कोरा. मॅडम म्हणाल्या, मग छत गेलं. अध्यक्ष म्हणाले, पाहुण्यांशिवाय उरका. मॅडमनी ग्रॅनाइटकडे हात केला. पाहुण्यांचं नाव तिथे अध्यक्षांच्याही वर, सोन्यात. मग दोघांनी वळून सरांकडे पाहिलं, कारण समितीप्रमुख ते होते.

मनात छतातून पाणी टपकत होतं. खरी तारीख घालावी तर छत जातं, आणि छत राखावं तर तारीख खोटी. तिसरं काही सुचेना.

अमजद बिचारा सरळ माणूस. तो म्हणाला, जागा किती सोडली बघू द्या, आणि त्याने चादर ओढली. मग आकड्याला कुठे बसवायचं याचा अंदाज घेत, कामावरची माणसं वाचतात तसं, बोट फिरवत मोठ्याने वाचत खाली आला. पाहुण्यांचं नाव. अध्यक्षांचं नाव. प्राचार्यांचं नाव. सर पुढे झाले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला, पण तोवर तो बारीक अक्षरावर आला होता, आणि अमजदची नजर तरणी होती.

"...तत्कालीन मुख्य लिपिक यांच्या नजरचुकीमुळे..."

वाचून झालं. छबूबाईंनी बशी खाली ठेवली.

"लिपिक म्हंजी कोन?" त्यांनी विचारलं.

मॅडमनी घाईने चादर परत दगडावर ओढली.

"कानिफ, लिपिक म्हंजी कोन रं?"

"भाऊ," सर म्हणाले. "जुन्या दगडावर एकतीस जून आहे, आई. चूक झाली होती त्यांची. मी... सही केलीय."

छबूबाईंनी मुलाकडे पाहिलं. मग पदर सारखा केला.

"पाव्हनं उद्या येनार?"

"हो."

"आन जून आज सरतोय."

"हो."

"आसंच हुतं तवा," छबूबाई म्हणाल्या. "आमी जामखेडास्नं सायन्स पळवून आनलं हुतं. वरनं कागद आला, जूनच्या आत पाया घाला, न्हाईतर परत जामखेडला देतो. मांडव घातला. आन त्याच आठवड्यात ती आनीबानी लागली. मंत्री काय यीना. आले ते जुलैच्या पैल्या दिशी, मंगळवारी. तवाचे अध्यक्ष, ह्या आताच्या अध्यक्षांचं चुलतं, आमच्या मालकास्नी म्हनले, आसाराम, तीस घाल. हे म्हनले, तीसला मांडवात दोन कुत्री हुती, मी त्यांच्या हस्ते लिवू का? खोटं मी लिवनार न्हाई. मंग अध्यक्ष म्हनले, खरं लिव आन घालव कालेज."

अध्यक्ष खुर्चीत जरा आखडले. छबूबाईंचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं.

"घरी आले. जेवले न्हाईत. कागद घेऊन बसले. मी समूर हुते, चुलीफुडं. त्यांनी एकतीस लिवलं. म्हनले, छबू, दिस खरा हाय, तीसच्या फुडचा. आन म्हैना त्यांना पायजे त्यो हाय. वरच्या हापिसात फोटू गेला, त्यांनी जून बघितला, शिक्का मारला. एकतीस कोन मोजतंय? मोजलं नंतर हितल्याच मान्सांनी. हेडक्लार्कला म्हैनं येत न्हाईत म्हनून हासले. वरची जागा निघाली ती दुसऱ्याला दिली. हे मान खाली घालून व्हय म्हनले. मला म्हनले, कालेजची मान्यता पक्की हुईस्तोवर कुनाला बोलू नगं. मान्यता पक्की झाली, आन ह्यांचं तोंड उघडायच्या आत हे गेले. मंग मीबी न्हाई बोलले. आता बोल, आसं मला कुनी म्हनलंच न्हाई."

अमजदने मशीनचं बटण बंद केलं. मॅडमच्या डोळ्यांत पाणी होतं. सर भिंतीला टेकले होते आणि त्यांना आईच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

"तुमी शिकलेली मान्सं," छबूबाई म्हणाल्या, "दगडावर काय घालायचं ते घाला. पर नजर चुकली आसं घालू नगा. मी समूर बसले हुते. त्यांनी त्यो आकडा लिवला, फुंकर मारून शाई वाळवली, आन मंग एकलेच हासाया लागले. डोळ्यांतनं पानी येस्तोवर हासले. मला वाटलं, ह्यास्नी काय झालं. लगीन होऊन धा वर्सं झाली हुती, मी तवर त्यांना हासताना बघितलंच न्हवतं."